संरक्षण म्हणजे अटक नव्हे : मनोरुग्ण, पोलीस आणि कायदा

वस्तीतल्या एखाद्या घरात तरुण मुलगा दोन-दोन रात्री झोपत नाही, आपल्याला कोणी मारायला येत आहे असे ओरडतो, भांडी फेकतो. आई घाबरते, शेजारी जमतात. कोणी म्हणते दोरी आणा, कोणी म्हणते पोलिसांना बोलवा. मनोविकारतज्ज्ञ दूर शहरात असतो. पोलीस चौकी मात्र जवळ असते. त्यामुळे आजाराच्या सर्वात कठीण घटकेला रुग्णाच्या दारात प्रथम पोहोचतो तो बहुधा डॉक्टर नव्हे, तर पोलीस शिपाई. त्याने काय करावे व काय करू नये, हे कायद्याने ठरवून दिलेले आहे. ते प्रत्येक कार्यकर्त्याने व विद्यार्थ्याने समजून घेतले पाहिजे.

कायदा कसा बदलत गेला

इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या ल्यूनसी ॲक्टमध्ये शब्दच 'अटक' असा होता. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसाने पकडावे आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, अशी ती रीत होती. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ साली अमलात आला. त्यात अटकेच्या जागी 'संरक्षण' हा शब्द आला, पण वाट न्यायदंडाधिकाऱ्याकडेच जात होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि ही वाट रुग्णालयाकडे वळली. शंभर वर्षांत झालेला हा बदल फार मोलाचा आहे. आजारी माणूस हा आरोपी नाही, हे त्यातून मान्य झाले.

पोलिसांची कर्तव्ये

या कायद्याचे कलम १०० महत्त्वाचे आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व भटकणारी व्यक्ती, तसेच आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरू शकणारी व्यक्ती, अशांना संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. संरक्षणात का घेतले, हे त्या व्यक्तीला सांगावे लागते. तिला समजणे कठीण असेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगावे लागते. त्यानंतर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. अशा व्यक्तीला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. या नियमाला कायद्याने अपवाद ठेवलेला नाही.

दाखल करायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात, पोलीस नव्हे. दाखल करण्याची गरज नसेल तर पोलिसांनी त्या व्यक्तीला घरी पोहोचवायचे असते. बेघर असेल तर शासनाच्या निवाऱ्यात. भटकत आलेल्या रुग्णाच्या बाबतीत हरवलेली व्यक्ती म्हणून एफ.आय.आर. नोंदवून कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचेच काम आहे.

घरातच छळ होत असेल तर

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. पंचवीसहून अधिक माणसे जळून मेली. आजच्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. एखाद्या रुग्णाचा घरी छळ किंवा हेळसांड होत असेल तर कोणीही नागरिक ठाण्यात कळवू शकतो. अधिकाऱ्याने ते न्यायदंडाधिकाऱ्याला ताबडतोब कळवावे, असे कलम १०१ सांगते.

आत्महत्येचा प्रयत्न

'केस होईल' या भीतीने पूर्वी कुटुंबे असा प्रयत्न लपवीत आणि उपचाराची वेळ निघून जाई. कलम ११५ नुसार, उलट सिद्ध होत नाही तोवर, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते, आणि तिच्यावर खटला चालवून तिला शिक्षा करता येत नाही. उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र आजही गुन्हा आहे.

आपण काय करावे

प्रथम गर्दी हटवा. एकानेच, हळू आवाजात, थोड्या अंतरावरून बोलावे. रुग्णाला डिवचू नये, त्याच्या भीतीची थट्टा करू नये. धारदार वस्तू दूर कराव्यात. ११२ वर फोन करताना 'वेडा माणूस मारतोय' असे न सांगता 'आजारी माणूस आहे, रुग्णालयात न्यायला मदत हवी' असे स्पष्ट सांगावे. कोणते औषध चालू होते, हातात शस्त्र आहे का, हेही सांगावे. जुनी केसपेपर बरोबर ठेवावीत. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि मानसिक त्रासाबाबत सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

पोलिसांना या विषयाचे नियमित प्रशिक्षण देणे हेही या कायद्याने शासनावर बंधनकारक केले आहे. तरीही रात्रपाळीवरच्या शिपायाला कलम १०० आठवेलच असे नाही. अशा वेळी त्याच्याशी वाद न घालता, 'साहेब, याला कोठडीत नको, दवाखान्यात नेऊ या. मी बरोबर येतो,' असे म्हणणारा माणूस तिथे हवा. ठाण्यात ऐकले गेले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. गरीब माणसाच्या बाजूने बोलणारा कोणी नसेल तर चांगला कायदाही पुस्तकातच राहतो. आपल्या प्रत्येक वस्तीत असे बोलणारे निदान दोन तरुण तयार झाले, तरी एखादा आजारी भाऊ कोठडीऐवजी दवाखान्यात पोहोचेल.