नवापूरपलीकडचा पिशवीवाला

नवापूरचे रेल्वे स्थानक मोठे गमतीचे आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत! नंदुरबार जिल्ह्याची ही वेस ओलांडून पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटर गेले, की सुरत जिल्ह्यातील वस्तान गाव येते. तेथील लिग्नाइट कोळशाच्या खाणीने आपल्या एका फार जुन्या शेजाऱ्याची ओळख करून दिली आहे.

पिशवीत पिल्लू वागवणारा प्राणी म्हटला, की ऑस्ट्रेलियातील कांगारूच डोळ्यांपुढे उभा राहतो. फार तर कोणी अमेरिकेतील ओपॉसमचे नाव घेईल. भारतातील रानांत आज या ‘शिशुधान’ गटातला एकही प्राणी नाही. परंतु २००५ साली डॉ. सुनील बाजपेयी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तानच्या थरांतून अशाच एका प्राण्याची नोंद केली. नाव ठेवले ‘इंडोडेल्फिस’. वय सुमारे साडेपाच कोटी वर्षे!

कांगारूचे धूड मात्र मनात आणू नका. हा जीव अगदी चिमुकला. आणि हाती आले ते त्याचे इवलेसे दात. खाणीतली माती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, गाळ वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण निवडायचा. आपल्या घरी तांदूळ निवडतात, तसलेच हे चिकाटीचे काम! शिशुधानांच्या खालच्या दाढेत मागे दोन टोके जुळ्या भावंडांसारखी लगटून उभी असतात. अशा खुणांवरून जाणकारांना कूळ कळते. पिशवीचा पुरावा दात देत नाहीत. गोत्र तेवढे सांगतात.

मग हे दात नंदुरबारलाच का सापडू नयेत? आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्ह्याचा. म्हणजे या जीवाहून जुना. त्यावर पश्चिमेकडे पुढे समुद्रकाठची दलदल साचली. तिच्यातील झाडझाडोऱ्याचा कोळसा झाला आणि गाळात दात जपले गेले. त्या सुमारास भारतभूमी आशियाला येऊन भिडत होती. हा पाहुणा उत्तरेकडून चालत आला, की दक्षिणेकडून आपल्याच भूमीबरोबर, हा वाद त्या दातांमुळेच रंगतो.

वस्तानचा कोळसा नानी नरोलीच्या वीजकेंद्रात जळला. खणले नसते तर दात दिसले नसते. कोणी माती धुतली नसती तर तेही ढिगाऱ्यात गडप झाले असते. दिवाळीच्या सुटीत सुरतेकडे जाताना नवापूर लागले, तर मुलांना हे अवश्य सांगा.