इंग्लंडात चूल मांडण्याआधी

2022 साली गॅसचे आणि विजेचे दर भडकले तेव्हापासून आपल्या मंडळींमध्ये एक विषय सारखा निघतो. घरात लाकडाचा स्टोव्ह बसवावा का? प्रार्थना झाल्यावर चहा घेताना कोणी ना कोणी आम्हाला हे विचारतंच. म्हणून या अंकात थोडं सविस्तर लिहीत आहोत. खाली दिलेले नियम इंग्लंडचे आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या वाचकांनी आपापल्या कौन्सिलकडे वेगळी चौकशी करावी.

मुलांसाठी आधी एक खुलासा. आजी 'स्टोव्ह' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पितळेचा, पंप मारायचा, पिन घालून साफ करायचा रॉकेलचा स्टोव्ह असतो. आपण बोलतोय तो निराळा. ही लोखंडाची जड पेटी असते. पुढे काचेचं दार, आत लाकडं, आणि धूर छपरावर नेणारा पाइप.

पुष्कळ वडीलधारे म्हणतात, "आम्ही चुलीपुढे लहानाचे मोठे झालो, आम्हाला जाळ काय शिकवता?" खरं आहे. पण अलिबाग-रेवदंड्याकडच्या त्या घरांना वर कौलं होती आणि कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. दारं दिवसभर उघडी असत. त्या धुराने बायकांच्या डोळ्यांचं आणि छातीचं नुकसान केलंच, त्याचं कौतुक नको, पण घरात हवा खेळती होती. इथलं घर म्हणजे डबल ग्लेझिंग, दाराखाली ब्रश, माळ्यावर जाडजूड इन्सुलेशन. जाळ तोच, घर मात्र निराळं. अशा बंद घरात जाळाला पुरेशी हवा मिळाली नाही किंवा धुराची वाट अडली, तर कार्बन मोनॉक्साइड वायू खोलीत साठतो. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस उठून दार उघडतो. या वायूला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणूस खुर्चीतच झोपी जातो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात असंच होत होतं. नावं सांगत नाही. जुना स्टोव्ह स्वस्तात घेतला आणि घराची किरकोळ कामं करणाऱ्या माणसाकडून बसवून घेतला. आजी-आजोबांचं डोकं रोज संध्याकाळी दुखायचं. वयाचं असेल, सर्दी असेल, असं म्हणून चहा-गोळी घेऊन झोपायचे. सुट्टीत नातवंडं आली तर त्यांचंही डोकं दुखू लागलं. बागेत खेळायला गेली की बरी! तेव्हा मुलीला शंका आली. तिने अलार्म आणून लावला आणि त्याच संध्याकाळी तो ओरडला. धुराड्यात पक्ष्याचं घरटं होतं. देवाची कृपा, सगळे सुखरूप आहेत.

तर मुलांनो, मराठीत 'चिमणी' म्हणजे धुराडंही आणि पक्षीही. पण इथल्या चिमणीत घरटं बांधते ती चिमणी नव्हे, जॅकडॉ नावाचा लहान कावळा. तो वरून काटक्या टाकत राहतो आणि नळ पार बुजून जातो. जुन्या व्हिक्टोरियन घरांत धुराडं असतं म्हणून लोक समजतात की काम झालं. पण शंभराहून अधिक वर्षांच्या विटा, मधला चुना झडलेला. फटींतून धूर वरच्या बेडरूममध्ये किंवा शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून आधी धुराडं झाडून घ्यायचं, मग धूर सोडून तपासणी करायची, आणि बहुतेक वेळा आतून स्टेनलेस स्टीलचा नवा नळ सोडायचा. आमच्या मते पैसे वाचवायचेच असतील तर स्टोव्हच्या नक्षीत वाचवा, नळात नको.

आता कायद्याचं. स्टोव्ह बसवणं हे इंग्लंडात बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली येतं. त्याची माहिती 'अप्रूव्हड डॉक्युमेंट जे' या सरकारी पुस्तिकेत आहे. दोनच रस्ते आहेत. एक तर हेटाससारख्या संस्थेकडे नोंदवलेला कारागीर बोलवा. तो काम करून स्वतः कौन्सिलला कळवतो आणि तुम्हाला सर्टिफिकेट मिळतं. नाहीतर काम सुरू होण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज करा, फी भरा आणि तपासणी करून घ्या. कारागिराने कार्ड दाखवलं तरी त्याचं नाव संस्थेच्या यादीत आपण स्वतः पाहावं. सर्टिफिकेट जपून ठेवा. घर विकताना सॉलिसिटर ते हमखास मागतो आणि विम्याच्या वेळीही प्रश्न निघतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी लीज वाचावी. बहुतेकांचा विचार तिथेच संपेल.

स्टोव्हखाली न जळणारी बैठक लागते, तिला हार्थ म्हणतात. ती बंद दाराच्या स्टोव्हपुढे निदान 225 मिलिमीटर आणि बाजूंना 150 मिलिमीटर पुढे यावी. दार उघडं ठेवून जाळायचा असेल तर पुढे 300. गालिचा, लाकडी फळी, पडदा यांपासून किती अंतर हवं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं, ते कमी करू नये. स्टोव्ह 5 किलोवॉटपेक्षा मोठा असेल तर भिंतीत कायमची उघडी जाळी लागते. नव्या, घट्ट बांधणीच्या घरांत लहान स्टोव्हलाही लागते. "वारा येतो" म्हणून आपले लोक तिच्यात वर्तमानपत्र कोंबतात. तसं करू नका हो!

आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकाशी जोडलेली आहे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच असेल, मासे तळताना वरचा पंखा जोरात लावला, तर तो पंखा खोलीतली हवा ओढतो आणि धुराड्यातला धूर उलटा खाली येऊ शकतो. असं घर असेल तर कारागिराला हे पहिल्या दिवशीच सांगा.

अलार्म तर नव्या स्टोव्हबरोबर 2010 पासून सक्तीचाच आहे. तो स्टोव्हपासून आडव्या अंतराने 1 ते 3 मीटरवर असावा. छतावर लावला तर भिंतीपासून 300 मिलिमीटर दूर. भिंतीवर लावला तर दार-खिडकीच्या वर, पण छतापासून निदान 150 मिलिमीटर खाली. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहण्याचं काम नातवंडांकडे द्यावं, ती विसरत नाहीत. अलार्म वाजला तर, मुलांनो, मोठ्यांना हाका मारत सरळ बाहेर जायचं. दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडावं, कोणाला बरं वाटत नसेल तर 999 ला फोन करावा, आणि परत आत जाऊ नये.

शुक्रवारचा प्रश्न आपल्याकडे येतोच. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत शब्बाथचे दिवे लागतात आणि शनिवारी पाचच्या सुमारास शब्बाथ संपतो. मधे लाकूड टाकायचं नाही. म्हणून काही जण स्टोव्ह खच्चून भरतात आणि हवा जवळजवळ बंद करतात, म्हणजे निखारा सकाळपर्यंत धुमसत राहील. हे फार वाईट. धुमसणाऱ्या लाकडाचं डांबर नळात साचतं, त्यालाच पुढे आग लागते, आणि विषारी वायूही जास्त होतो. स्टोव्ह नीट पेटवा, दोन-तीन तास ऊब घ्या, मग तो आपला विझू द्या. रात्रीसाठी हीटिंगचं टायमर आहेच. आणि अलार्म शब्बाथला वाजला तर विचार करत बसू नका, जीव वाचवायला फोन करण्याची मुभा आपल्या धर्मातच आहे.

लाकडाबद्दल. 2021 पासून इंग्लंडात 2 घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना त्यात ओलावा 20 टक्के किंवा त्याहून कमी लागतो. पिशवीवर 'रेडी टू बर्न' अशी खूण पाहा. रंग दिलेल्या फळ्या, जुनं कुंपण, मोडकं फर्निचर जाळू नये. त्या धुरात विषारी पदार्थ असतात. ज्येष्ठांना ठाऊक असेल, 1952 च्या डिसेंबरात लंडनवर धुराचं धुकं बसलं आणि हजारो माणसं गेली. त्यातूनच 1956 चा क्लीन एअर ॲक्ट आला. आजही लंडनचा बराच भाग धूरबंदीच्या क्षेत्रात आहे. तिथे लाकूड जाळायचं तर डेफ्राने मान्य केलेलाच स्टोव्ह लागतो, आणि धुराड्यातून धूर दिसला तर 300 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चांगल्या स्टोव्हमधूनही बारीक कण हवेत जातातच. घरात कोणाला दमा असेल, छातीचा त्रास असेल, तर आमचा सल्ला सरळ आहे: बसवू नका. एखादं ब्लँकेट जास्त घ्या.

बसवलाच तर धुराडं वर्षातून निदान एकदा झाडून घ्या, रोज जाळत असाल तर दोनदा. लहान मुलं येत असतील तर भिंतीला अडकवलेली जाळी पुढे हवीच, कारण ती काच भाजते. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून घराबाहेर ठेवा. आतला निखारा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जिवंत असतो, तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात किंवा व्हॅक्यूम क्लीनरमध्ये ती जाऊ देऊ नका. पुरती थंड झाली की थोडी बागेत टाकायला हरकत नाही. भांडी घासायला मात्र आजीच्या हाती देऊ नका, इथली भांडी नॉन-स्टिक आहेत.