आवाज परतला कुठून?

१८९५ साली हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन यांनी सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून तिथे मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि निनाद किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजलं. सभागृहांचं ध्वनिशास्त्र तिथून सुरू झालं. पण आवाज कोणत्या भिंतीवरून परतला, हे घड्याळाला कळत नाही.

दिशेला हात घालायला अर्धं शतक गेलं. १९५३मध्ये गटिंगेनच्या रोल्फ थीले यांनी अंतर्वक्र आरसा लावलेला मायक्रोफोन दिशोदिशी फिरवला. जिकडून जितका आवाज, तितकी लांब काडी गोळ्यावर रोवावी, अशा त्यांच्या आकृत्या. जर्मनांनी या आकृत्यांना एका काटेरी प्राण्याचं नाव दिलं. आपल्याला साळिंदर आठवेल. माझं मन या सगळ्या प्रवासात इथेच रेंगाळतं, कारण सभागृह कानाला कसं वेढतं ते इथे डोळ्यांना दिसू लागलं. आरसा मात्र खर्जापुढे तोकडा पडे. १०० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबीच जवळपास साडेतीन मीटर!

१९६७मध्ये न्यूझीलंडच्या हॅरल्ड मार्शल यांनी बाजूच्या भिंतींवरून येणाऱ्या परावर्तनांचं मोल मांडलं, आणि दिशा मोजणं निकडीचं झालं.

आरशाची जागा शेवटी मायक्रोफोनच्या छोट्या जुडग्याने घेतली. दहा सेंटीमीटर अंतर कापायला ध्वनीला सुमारे ०.२९ मिलिसेकंद लागतात. कोणत्या माइकपाशी तो आधी पोचला आणि कोणत्यापाशी मागाहून, या फरकातच दिशा दडलेली असते. जपानमध्ये यामासाकी आणि इतो यांनी १९८९मध्ये जवळजवळ ठेवलेल्या चारच माइकांवरून परावर्तनांचे आभासी उगम अवकाशात ठिपक्यांसारखे मांडले. पुढे गोलावर बसवलेले माइक आले. २०१३मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या टेर्वो, पाट्युनेन आणि लोक्की यांनी ध्वनीच्या प्रत्येक क्षणाला एकेक दिशा बहाल करणारी पद्धत दिली. सुरुवातीच्या, सुट्या परावर्तनांना ती चपखल बसते. शेवटच्या दाट निनादात सगळीकडून एकदम आवाज येतो, तिथे एकच दिशा मानणं ही तडजोड आहे.

याच गटाने व्यासपीठावर वादकांच्या जागी लाउडस्पीकर मांडून निरनिराळ्या सभागृहांत मोजमापं घेतली. बाजूने जोरकस परावर्तनं देणाऱ्या सभागृहांत वाद्यवृंदाचे चढउतार अधिक ठसठशीत ऐकू येतात, हे त्यांनी २०१४मध्ये दाखवून दिलं.