अनंताची पाने पिवळी का पडतात आणि कळ्या का गळतात?

रोपवाटिकेतून आणलेला अनंत पहिले दोन-तीन महिने हिरवागार असतो. मग शेंड्याची पाने फिकट होऊ लागतात, कळ्या न उमलताच गळतात आणि वर्षभरात झाड खंगते. पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर या भागांत हा अनुभव सर्रास येतो. कोकणात आणि गोव्यात मात्र हाच अनंत अंगणाच्या कडेला फारशी निगा न राखताही फुलतो. हा फरक हातगुणाचा नाही, माती आणि पाण्याचा आहे.

अनंत मूळचा कुठला?

हिंदी आणि बंगालीत याला गंधराज म्हणतात. शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. अठराव्या शतकात अलेक्झांडर गार्डन या वैद्याच्या नावावरून ‘गार्डेनिया’ हे नाव पडले. ‘जॅस्मिनॉइडिस’ म्हणजे जाई-मोगऱ्यासारखा. प्रत्यक्षात त्याचे मोगऱ्याशी नाते नाही. तो कॉफीच्या कुळातला आहे. लहान मुलांच्या दात येण्याच्या तक्रारींवर पूर्वी घरोघरी वापरली जाणारी डिकेमाली हा त्याच्याच एका भारतीय भावंडाचा डिंक.

अनंत मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या भागांतला. तिथे पाऊस भरपूर आणि माती आम्लधर्मी. म्हणून त्याला साधारण ५ ते ६.५ सामू असलेली माती मानवते. कोकणातली जांभ्याची माती याच्या जवळपास असते. देशावरच्या काळ्या मातीचा सामू मात्र बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि तिच्यात चुनखडीही असते.

पिवळेपणाचे खरे कारण

पानातले हरितद्रव्य तयार होण्यासाठी लोह लागते. काळ्या मातीत लोह कमी नसते. पण सामू वाढला की ते पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात अडकते आणि मुळांना घेता येत नाही. बोअरच्या जड पाण्यातून रोज थोडे बायकार्बोनेट कुंडीत साठते व सामू आणखी वाढतो. रोप पहिले काही महिने हिरवे राहते, कारण ते रोपवाटिकेच्या लाल मातीच्या गोळ्यावर जगत असते. मुळे बाहेरच्या मातीत शिरली की त्रास सुरू होतो. एक्झोराचेही असेच होते.

पान पाहून कारण ओळखा

- शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या: लोहाची कमतरता.
- जुनी पाने शिरांच्या मधोमध पिवळी: मॅग्नेशियमची कमतरता.
- खालची पाने सरसकट फिकट, वाढ मंद: नत्राची कमतरता.
- माती ओली असूनही झाड मलूल: मुळे कुजत आहेत. पाणी थांबवा आणि कुंडीचे छिद्र तपासा.
- नवी पालवी येताना खालची दोन-चार पाने पिवळी होऊन गळणे: हे नैसर्गिक आहे.

काय करावे?

देशावर अनंत जमिनीपेक्षा कुंडीत लावणे सोपे जाते. १२ इंची कुंडी घ्या. सिमेंटची नको, कारण तिच्यातून चुना झिरपतो. लाल माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्या. निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू मिसळा.

झाड आधीच पिवळे झाले असेल तर चिलेटेड लोहाची फवारणी करा. ईडीटीए प्रकारचे लोह १ लिटर पाण्यात अर्धा ते १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारावे. विम्लधर्मी मातीत ते लवकर निकामी होते, म्हणून मातीत द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकार घ्यावा. नवी पालवी हिरवी आली की उपाय लागू पडला असे समजा.

पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्याचा परिणाम तात्पुरता असतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र देऊ नका, त्यात क्षार जास्त असतात. अंड्याची टरफले आणि लाकडाची राख ही इतर झाडांना चालणारी घरगुती खते अनंताला नकोत. दोन्हींमुळे सामू वाढतो.

कळ्या का गळतात?

अनंताला बदल सोसत नाही. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलली, माती एकदा कोरडीठाक आणि एकदा चिखल झाली, किंवा गरम कोरडा वारा लागला की कळ्या पिवळ्या पडून गळतात. कळ्या असलेले रोप विकत आणल्यावर पहिला बहर गळाला तरी घाबरू नका. रात्री थोड्या थंड असताना कळ्या चांगल्या धरतात, त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीपासून पाण्याची नियमितता महत्त्वाची. वरची इंचभर माती सुकली की पाणी द्या. सकाळचे चार-पाच तास ऊन पुरे. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी सावली हवीच.

कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या कापडाने पुसून काढा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून आठवड्याने दोनदा फवारा.

छाटणी आणि नवे रोप

बहर संपताच, म्हणजे पावसाळ्यात, हलकी छाटणी करा. हिवाळ्यात छाटलेत तर पुढच्या बहराच्या फांद्याच कापल्या जातात. दुहेरी पाकळ्यांच्या अनंताला सहसा बी धरत नाही. म्हणून पावसाळ्यात अर्धपक्व फांदीचे पाच-सहा इंची छाट लावा किंवा गुटी बांधा. गुटीला मुळे फुटायला साधारण दीड-दोन महिने लागतात.

नवे रोप घेण्याआधी एकदा मातीचा सामू तपासून घ्या. सामू ७ च्या वर असेल तर झाड जमिनीत लावू नका, वर सांगितलेल्या मिश्रणाच्या कुंडीत लावा. तेवढ्याने पुढचा बराच त्रास टळतो.