तळ दिसतो का?

पोहण्याच्या तलावाचे पाणी गढूळ झाले की सगळे 'औषधा'ची वाट पाहतात. पण पाण्याची खरी नाडी असते पंपघरातल्या फिल्टरमध्ये. ती कशी पाहावी, याची ही माहिती.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना वेध लागतात ते पोहण्याचे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या रायपूरसारख्या शहरात तर संध्याकाळ होण्याआधीच घरोघरी टॉवेल आणि टोप्यांची शोधाशोध सुरू होते. शाळा, क्लब आणि वसाहतींमधले तलाव मुलांनी फुलून जातात. पहिले काही दिवस पाणी आरशासारखे असते. मग ते हळूहळू दुधाळ होते, डोळे चुरचुरू लागतात. चौकशी केली की ठरलेले उत्तर मिळते, "कालच औषध टाकलंय, दोन दिवसांत निवळेल."

हे उत्तर ऐकून पालक निमूटपणे मुलाला पाण्यात सोडतात. वास्तविक इथेच त्यांनी एक साधी गोष्ट पाहायला हवी. तलावाचा तळ दिसतो का?

बुढापाऱ्याचे जुने पाणी

छत्तीसगडी बोलीत 'पारा' म्हणजे वस्ती, आळी. रायपूरच्या बुढापाऱ्याची ओळख जोडलेली आहे ती शेजारच्या बुढा तलावाशी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसे या मुलखात नांदत आली आहेत. १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू करणाऱ्या माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा याच परिसरात आहे. १८७७ मध्ये कलकत्त्याहून आलेला चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, सुमारे दोन वर्षे बुढापाऱ्यातच राहिला. तो या तलावात पोहायला जाई, असे सांगितले जाते. आज या तलावाला विवेकानंद सरोवर म्हणतात ते याच आठवणीने.

मोकळ्या तलावाचे पाणी निसर्ग निवळत असतो. पावसाचे नवे पाणी येते, गाळ तळाशी बसतो, ऊन आणि सूक्ष्म जीव घाण पचवतात. पण त्यालाही मर्यादा असते. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी बुढा तलावाचीही कळा गेली होती आणि तो साफ करण्यासाठी महापालिकेला मोहिमा काढाव्या लागल्या.

फरशी बसवलेल्या पोहण्याच्या तलावात निसर्गाची एवढीही मदत नसते. तेच पाणी महिनोन्महिने फिरत राहते. ते स्वच्छ करण्याचे काम दोघांवरच असते, क्लोरीन आणि फिल्टर. क्लोरीन जंतू मारतो, फिल्टर गाळ काढतो. एकाचे काम दुसरा करू शकत नाही, हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो.

आणखी एक फरक आहे. घाटावरून पोरे पाण्यात उतरत तेव्हा तळ दिसत नाही हे मोठ्यांना ठाऊक असे, म्हणून कोणीतरी जाणता पायरीवर बसून राही. निळ्या फरशीच्या तलावात मात्र भिंती, शिड्या आणि शिट्टीवाला जीवरक्षक पाहून आपण निर्धास्त होतो. पण पाणी गढूळ असेल तर त्या जीवरक्षकाचे डोळेच बांधल्यासारखे होतात.

दोन दिवस कोणाला दिसले नाही

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर नावाचे गाव आहे. तिथल्या सार्वजनिक तलावात २६ जून २०११ रोजी ३६ वर्षांची एक महिला बुडाली. पाणी इतके गढूळ होते की तळाशी गेलेली ती कोणालाच दिसली नाही. त्यानंतरही तलाव सुरू राहिला, लोक पोहत राहिले, पाहणीसाठी निरीक्षकही येऊन गेले. २८ जूनच्या रात्री तिचा मृतदेह सापडला. जीवरक्षक नेमलेल्या तलावावर हे घडले, ही यातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब.

पाणी काय सांगते?

गढूळपणाचे प्रकार ओळखता आले तर उपाय सोपा होतो.

पाणी हिरवट झाले आणि भिंतींना बुळबुळीतपणा आला तर ते शेवाळ समजावे. क्लोरीन कमी पडला आहे, असा त्याचा अर्थ.

पाणी पांढरे, दुधाळ दिसत असेल तर कारणे तीन. पहिले, फिल्टर नीट चालत नाही. दुसरे, पाणी जड आहे. रायपूरच्या आसपासची जमीन चुनखडीच्या खडकाची आहे. अशा भागातल्या बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार जास्त असतात आणि पाण्याचा पीएच वाढला की ते बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतात. तिसरे कारण माणसाच्या हातचे, ते म्हणजे ब्लीचिंग पावडर. या पावडरीत क्लोरीनबरोबर भरपूर चुना असतो. ती पोत्यातून थेट तलावात ओतली की पाणी निवळण्याऐवजी ताकासारखे होते. पावडर वापरायचीच असेल तर ती आधी प्लॅस्टिकच्या पिंपात पाण्यात कालवावी, साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी तलावात सोडावी.

पीएचचे महत्त्व तर फारच मोठे. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. ७.५ वर क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग जोमाने काम करतो, ८ वर जेमतेम पाव भाग. म्हणजे पीएच न तपासता क्लोरीन ओतत राहणे हा पैशाचा निव्वळ अपव्यय! मोकळा क्लोरीन दहा लाख भागांत १ ते ३ भाग असला की पुरतो. तलावावर औषधाचा उग्र वास येतो तेव्हा 'क्लोरीन भरपूर आहे' असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन द्रव्ये तयार होतात, त्यांचा तो वास असतो. डोळे चुरचुरतात तेही बहुधा त्यांच्यामुळेच.

वाळूचे पोट भरते तेव्हा

आपल्याकडच्या बहुतेक तलावांवर वाळूचा फिल्टर असतो. बंद टाकीत बारीक, एकसारख्या दाण्यांची वाळू भरलेली असते. पंप तलावातले पाणी वरून दाबाने सोडतो, गाळ वाळूत अडकतो आणि स्वच्छ पाणी खालून परत जाते. जसजसा गाळ साठतो तसतसा टाकीवरच्या गेजचा काटा वर चढतो. स्वच्छ वाळू असताना काटा जिथे असतो तिथे रंगाने खूण करून ठेवावी. त्याहून दाब ८ ते १० पौंडांनी वाढला की वाळू धुण्याची, म्हणजे बॅकवॉशची वेळ झाली.

बॅकवॉशमध्ये पाणी उलटे, खालून वर सोडले जाते. वाळू फुगते, घाण सुटते आणि बाहेरच्या नळीने वाहून जाते. काचेच्या नळीतले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटे हे चालू ठेवावे. नंतर थोडा वेळ 'रिन्स' करावे, नाहीतर सुटलेला गाळ पुन्हा तलावातच येतो. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायला मात्र विसरू नये.

गंमत अशी, की रोज उठून बॅकवॉश करणेही चुकीचे. वाळूत थोडा गाळ साठला की तिची छिद्रे बारीक होतात आणि ती जास्त बारीक कण धरते. म्हणून काट्यावर भरवसा ठेवावा, सवयीवर नव्हे.

वाळूचा मोठा शत्रू म्हणजे तेल. पोहायला जाताना केसांना चोपडून खोबरेल लावण्याची आपली जुनी रीत. नदीत ते वाहून जाते, तलावातले तेल मात्र वाळूत जाऊन बसते. दाण्यांचे गोळे होतात, त्यांच्या मधून पाणी वाट काढते आणि गाळासकट तलावात परतते. अशा वेळी काटा चढलेला दिसत नाही, पण पाणी गढूळच राहते. मग टाकी उघडून वाळू तपासण्यावाचून इलाज नसतो. एरवीही पाच-सात वर्षांनी वाळू बदलावी लागते. पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत केस आणि पाने अडकतात, ती तर रोज साफ करायला हवी.

घाई उपयोगाची नाही

पाणी निवळायला वेळ का लागतो? २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. ते सहा तासांत एकदा फिरवायचे तर पंपाने ताशी सुमारे ७८ हजार लिटर पाणी ओढायला हवे. तरीही एका फेरीत सगळे पाणी फिल्टरमधून जात नाही, कारण स्वच्छ झालेले पाणी गढूळ पाण्यातच मिसळत राहते. पहिल्या फेरीत सुमारे ६३ टक्के, दुसरीअखेर ८६ टक्के आणि तिसरीअखेर ९५ टक्के पाणी गाळून निघते. विजेची बचत म्हणून पंप दिवसातून चार तास चालवणाऱ्यांनी हा हिशोब जरूर मांडावा.

उपायाचा क्रम असा असावा. आधी पोहणे बंद करावे. पंपाची जाळी साफ करून गेज पाहावा, गरज असेल तर बॅकवॉश करावा. मग पीएच तपासून दुरुस्त करावा. ऊन उतरल्यावर क्लोरीन द्यावा, कारण उन्हात तो झपाट्याने उडून जातो. त्यानंतर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. एवढे करूनही पाणी दुधाळ राहिले तर आजीच्या माठातली तुरटी इथेही कामाला येते. तिचे द्रावण तलावभर पसरून पंप बंद ठेवावा. रात्रभरात कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. सकाळी तो गाळ सक्शनने ओढून थेट गटारात सोडावा. तो फिल्टरमधून नेला तर वाळू पुन्हा तुंबते. तुरटीने पीएच उतरतो, म्हणून तो परत तपासावा.

ऑलिंपिकलाही चुकले नाही

घाईघाईत भलतेच औषध टाकले की काय होते, हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव एका रात्रीत हिरवा झाला, शेजारचाही त्याच वाटेने गेला. कंत्राटदाराने पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते आणि त्याने क्लोरीनच निकामी केला होता. अखेर एका तलावातले सुमारे ३७ लाख लिटर पाणी बदलावे लागले. खर्च झाला तो झालाच, नामुष्कीही झाली.

आपल्याकडे धोका आणखी एक असतो. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकाच खोलीत, एकाच मगाने हाताळले जातात. ही दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर यांचे मिश्रणही पेट घेऊ शकते. प्रत्येकाचे भांडे वेगळे ठेवावे. रसायन नेहमी पाण्यात घालावे, पाणी रसायनात कधीही ओतू नये.

पालकांनी काय पाहावे?

• काठावर उभे राहून सर्वांत खोल भागातली तळाची जाळी स्पष्ट दिसते का? दिसत नसेल तर मुलाला पाण्यात उतरू देऊ नये.
• पीएच आणि क्लोरीनची रोजची नोंद फलकावर आहे का? नसेल तर मागावी.
• पंप किती तास चालतो, वाळू केव्हा बदलली, हे विचारण्यात संकोच कसला?
• मुलांना केसांचे तेल धुऊन, अंघोळ घालून, टोपी घालूनच पाठवावे. जुलाब होत असतील तर पाठवूच नये.
• लघवीसाठी पाण्याबाहेर येण्याची सवय लहानपणीच लावावी.

तलावाची फी भरली की आपले काम संपले, असे समजू नये. पाच-दहा पालकांनी मिळून रोज तळ पाहायला सुरुवात केली, तर पंपघरातल्या गेजकडेही कोणीतरी रोज पाहू लागेल. मुलांना पाण्याची भीती घालण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.