तिथीची पाऊणपट : अलिबाग ते रेवदंडा, किनाऱ्याची वाट

रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेले अलिबाग आणि कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले रेवदंडा यांच्यामध्ये गाडीरस्त्याने सुमारे १७ किलोमीटरचे अंतर आहे. या रस्त्याच्या पश्चिमेला, कधी पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या सपाट पट्ट्यावरून, तर कधी खाडी किंवा खडक आडवा आला की नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, अशी पायी जाण्याजोगी वाट आहे. तिच्यावर चढ नाही, घाट नाही आणि दर काही किलोमीटरवर गाव लागत असल्यामुळे पाणी, सावली व परतीचे वाहन यांची अडचणही नाही. त्यामुळे वयस्कर माणसे, मुले आणि गिर्यारोहणाचा सराव नसलेले लोकही ती एका दिवसात किंवा दोन टप्प्यांत सहज पार करू शकतात. मात्र ही वाट कोणी बांधलेली नाही. समुद्र ती दिवसातून दोनदा मोकळी करतो आणि दोनदा परत घेतो. तिच्या काठचा किल्ला, शिलालेख, वाड्या आणि बंदर या सर्वांची घडण याच वेळापत्रकाशी जुळवून झालेली असल्याने ही वाट नीट समजून घेणे म्हणजे अष्टागराचा, म्हणजे आठ आगरांच्या या किनारपट्टीचा, इतिहास समजून घेणे होय.

भरतीचे गणित

कोकणातील दर्यावर्दी आणि वाडीवाले भरतीची वेळ काढण्यासाठी एक तोंडी हिशेब वापरत आले आहेत : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे पुढे सरकतो आणि त्याच्याबरोबर भरतीही सरकते, या खगोलीय वस्तुस्थितीचे हे सुटसुटीत रूप आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते, तेव्हा येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. त्या दिवसांत ओहोटीही तितकीच खोल असते. अष्टमीच्या सुमारास ही ओढ विभागली जाते आणि पाणी फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही. हा भांगाचा काळ होय.

चालणाऱ्याच्या दृष्टीने प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे ठरतात, कारण उधाणाचा जोर अजून टिकून असल्याने पाणी बरेच आत जाते आणि ओहोटी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान येत असल्याने ऊन चढण्यापूर्वी बराच पल्ला गाठता येतो. वाळूचाही यात वाटा आहे. कोरड्या वाळूत पाय रुततो, कारण कणांना एकत्र धरणारे काहीच नसते. पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूतही हाच प्रकार होतो. पण ओहोटीनंतर कणांच्या फटींत थोडेच पाणी उरते तेव्हा त्या पाण्याचा पृष्ठताण कणांना घट्ट बांधून ठेवतो आणि मधला ओला पट्टा टणक होतो. चालावे ते याच पट्ट्यावरून. खाडीच्या मुखाशी मात्र वाळूची जागा गाळ घेतो आणि तेथे स्थानिकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

अलिबाग : पाण्यातला किल्ला आणि लोखंडाविना वेधशाळा

वाटेच्या आरंभीच समोर कुलाबा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले आणि पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. भरतीला पाण्याने वेढलेल्या आणि ओहोटीला पायी गाठता येणाऱ्या या किल्ल्याच्या तटाचे मोठे चिरे चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरते, तिचा जोर विभागला जातो आणि तट टिकून राहतो. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कान्होजी आंग्रे यांच्या या ठाण्यावर चाल केली; ती निष्फळ ठरली. किल्ला पाहण्यास जाणाऱ्याने तिथीचा हिशेब आधी केलेला असावा, कारण परतायला उशीर झाला तर पुढच्या ओहोटीपर्यंत तेथेच थांबावे लागते.

किनाऱ्याजवळच १९०४ मध्ये सुरू झालेली चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईतील कुलाबा येथे १८४१ पासून घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे नोंदी बिघडणार हे उघड होते, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेत लोखंडाचा वापर टाळून नवी इमारत उभारण्यात आली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबवले गेले आणि १८४१ पासूनची मालिका अखंड राहिली.

आक्षी : बोडणाचा शिलालेख

अलिबागच्या दक्षिणेला साखर-आक्षीची खाडी आडवी येते. ती पुलावरून ओलांडली की आक्षी गाव लागते. येथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, असे वाचन शं. गो. तुळपुळे यांनी मांडले आणि त्यामुळे तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक ठरला. काळाबाबत अभ्यासकांत मतभेद असले तरी त्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. शिळेवर सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत; ते आकाशात असेपर्यंत दान चालू राहावे, असा या चिन्हांचा संकेत असतो. कोकणचा राजा केसीदेवराय याच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य नेमून दिल्याची ही नोंद आहे. बोडण म्हणजे देवीची मूर्ती परातीत ठेवून सुवासिनी व कुमारिका यांनी दूध, दही, तूप, मध, साखर आणि पुरण हातांनी कालवण्याचा कुलाचार. कोकणातील अनेक घरांत तो आजही होतो. राजवटी बदलल्या, बंदरे बुजली, पण शिळेवर नोंदलेला एक घरगुती विधी टिकून राहिला, हे या वाटेवरचे सर्वांत बोलके ऐतिहासिक सत्य आहे.

नागाव : वाडीची घडण

आक्षीपासून नागावकडे जाताना किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांचा पट्टा आहे. त्यामागे उंच नारळ, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली किंवा पानवेली आणि खाली केळी अशी वाडीची थरांची रचना दिसते. पूर्वी रहाटाने बावेतून पाणी काढून ते पाटाने झाडांच्या आळ्यांपर्यंत नेले जाई. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या किनारपट्टीवरील वाड्यांची फार मोठी हानी केली. पोफळ फळाला येण्यास बरीच वर्षे लागतात, त्यामुळे आडवी झालेली वाडी म्हणजे त्या कुटुंबाचे एका हंगामाचे नव्हे, तर जवळजवळ एका दशकाचे उत्पन्न होय. याच तालुक्यातील पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून हंगामात त्याच्या विणलेल्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात.

चौल-रेवदंडा : जगाचे बंदर

नागावच्या पुढे वाट किनारा सोडून चौलच्या वाड्यांत शिरते, तेव्हा चालणारा एका प्राचीन बंदराच्या आवारात आलेला असतो. टॉलेमीच्या भूगोलात आणि कान्हेरीच्या लेखांत या बंदराचा उल्लेख येतो, इ.स. ९१५-१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला तेव्हा त्याला मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आढळली. आणि १४६९ मध्ये, वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन येथे उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. चौलच्या रामेश्वर मंदिरात पर्जन्यकुंड असून अवर्षणाच्या वर्षी ते उघडण्याची प्रथा होती. समुद्राकाठी राहणाऱ्यांनाही गोड्या पाण्याची चिंता किती होती, हे त्यावरून कळते.

रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजांचा दीर्घ वेढा त्यांनी परतवला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. तटाच्या आत आज माडांच्या वाड्या आहेत आणि एका बुरुजाचे, ज्याला लोक सातखणी म्हणतात, काही मजले उभे आहेत. गावात बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे प्रार्थनास्थळ आहे, तर कुंडलिकेपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली अजून बोलली जाते.

सोपेपणा राखण्यासाठी

या वाटेला मोठ्या बांधकामाची गरज नाही. भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी संरक्षित केला आहे, आणि तेथे काँक्रीटचा पादचारी मार्ग घातला तर वाळूची नैसर्गिक ये-जा अडून पुळणच खचण्याची भीती असते. गरज आहे ती छोट्या सोयींची : प्रत्येक गावाच्या किनाऱ्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ मराठीत लिहिणारा फलक, रस्ता आणि ओली वाळू यांच्यामधल्या भुसभुशीत पट्ट्यावर काथ्याची जाड पायपट्टी, कारण चाकाच्या खुर्चीला किंवा काठी टेकत चालणाऱ्याला खरी अडचण तेवढ्याच काही पावलांत येते, सुरूच्या सावलीत बाके, आणि पुळणीवर गाड्या आणण्यास ठाम मनाई. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे सांगतो, आणि समुद्रकिनाऱ्याइतकी सार्वजनिक जागा दुसरी कोणती असणार? मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या जलवाहतुकीमुळे अलिबाग आता अधिक जवळ आले आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तिथीची पाऊणपट शिकवणे आणि चालता न येणाऱ्यालाही ओल्या वाळूपर्यंत पोहोचवणे, एवढे काम ग्रामपंचायती, शाळा आणि स्थानिक मंडळे अल्प खर्चात करू शकतात व त्यांनी ते करायलाच हवे.