वैयक्तिक नाणेसंग्रह आणि त्याचे आंतरजालावरील प्रदर्शन : नोंदीच्या शिस्तीचा विचार

गोषवारा

महाराष्ट्रातील अनेक घरांत आणि काही महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत जुन्या नाण्यांचे लहानमोठे संग्रह आहेत. त्यांची छायाचित्रे आंतरजालावर ठेवणे आज सोपे झाले आहे. मात्र छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. वजन, व्यास, साच्यांची परस्पर दिशा आणि प्राप्तिस्थान यांची नोंद सोबत असेल, तरच खाजगी संग्रहातील नाणे इतिहासाचे साधन ठरते, ही भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. त्यासाठी शिवराई आणि स्वातंत्र्योत्तर दशमान नाणी ही दोन उदाहरणे घेतली असून नोंद, छायाचित्रण, मांडणी आणि कायदा या अंगांचा क्रमाने विचार केला आहे.

बीजशब्द : नाणकशास्त्र, शिवराई, प्राप्तिस्थान, नोंदपद्धती, आंतरजाल, पुरावस्तू कायदा

१. प्रस्तावना

नाणी जमविण्याचा छंद जुना आहे. पूर्वी असा संग्रह संग्राहकाच्या कपाटात राहत असे आणि त्याच्या पश्चात बहुधा विखुरला जात असे. आंतरजालामुळे संग्रह घरात ठेवूनही तो जगापुढे मांडता येऊ लागला. ही सोय मोठी आहे. परंतु तिचा उपयोग बहुतांशी नाण्यांची आरास मांडण्यापुरताच होतो. नाण्याचे ठळक छायाचित्र, खाली राजाचे नाव आणि कधी अंदाजे किंमत, एवढ्यावर नोंद संपते. अभ्यासकाला अशा नोंदीचा फारसा उपयोग होत नाही. एखादे नाणे अभ्यासाच्या उपयोगी कशामुळे पडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

२. नाण्याची साक्ष

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली होती. नहपानाच्या सत्तेचा शेवट गौतमीपुत्राने केला, हा निष्कर्ष या साठ्यामुळे भक्कम झाला. क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचा जो उल्लेख नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात येतो, त्याला नाण्यांनी दुजोरा दिला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या साठ्यातील एखादे सुटे नाणे पुनर्मुद्रांकनाची साक्ष देईल. परंतु किती नाणी पुन्हा ठोकली गेली आणि किती तशीच राहिली, हे प्रमाण सुट्या नाण्यावरून कळणार नाही. ते कळते साठा एकत्र पाहिला गेला आणि त्याची नोंद झाली म्हणून. हीच नाणी सापडताक्षणी सराफाकडे गेली असती, तर तेरा हजार पुराव्यांची काही किलो चांदी झाली असती. नाण्याची साक्ष केवळ त्याच्या धातूत किंवा अक्षरांत नसते. ते कोठे, कशासोबत आणि किती संख्येने मिळाले, यातही ती असते. हा संबंध एकदा तुटला की पुन्हा जोडता येत नाही.

३. विषयाची निवड

‘जे मिळेल ते’ या पद्धतीने जमविलेला संग्रह मोठा होतो. पण त्यातून प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. म्हणून संग्रहाला एक मर्यादित विषय असावा. महाराष्ट्रातील संग्राहकास शिवराई हा विषय सहज उपलब्ध आहे. शिवरायांच्या राज्यात सुरू झालेल्या या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ ही अक्षरे आढळतात. पुढे हा प्रकार मराठी सत्तेच्या सर्व काळात आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी पाडला जात राहिला. दोन समांतर रेषा असलेली ‘दुदांडी’ शिवराई हा त्याचाच एक उत्तरकालीन प्रकार होय.

बहुतेक शिवरायांवर ना सन आहे, ना टांकसाळीचे नाव. त्यामुळे वर्गीकरणासाठी अक्षरांची वळणे, वेलांट्या, ठिपक्यांची वर्तुळे, चिन्हे आणि वजन यांचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्याने एका नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. एकाच साच्यातून निघालेल्या चार नाण्यांवर त्या साच्याचे चार निरनिराळे भाग दिसू शकतात आणि ती चार नाणी आज चार गावांतील चार संग्रहांत असू शकतात. ती शेजारी शेजारी ठेवता आली, तरच मूळ साच्याची पूर्ण आकृती जुळविता येईल. खाजगी संग्रह आंतरजालावर मांडण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. कोणत्याही एका संग्राहकाला, किंबहुना एका संग्रहालयालाही, हे काम एकट्याने करणे अवघड आहे.

विद्यार्थ्यांसमवेत प्रारंभ करावयाचा असल्यास दशमान पद्धतीची नाणी अधिक सोयीची ठरतात. १ एप्रिल १९५७ रोजी ही पद्धत लागू झाली आणि रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. १ जून १९६४ पासून ‘नया’ हे विशेषण गळले. एक पैशाचेच नाणे पाहिले, तरी ते प्रथम कांस्याचे, पुढे निकेल-पितळेचे आणि त्यानंतर अॅल्युमिनियमचे चौकोनी झाले. धातूंच्या वाढत्या किमती आणि चलनाची घटती क्रयशक्ती यांचा इतिहास त्यात दिसतो. पंचवीस पैसे आणि त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. सनाखालील टांकसाळीच्या खुणाही अभ्यासण्याजोग्या आहेत : मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसणे हीच त्याची खूण.

४. नोंदीचे घटक

प्रत्येक नाण्यास एक कायमचा क्रमांक द्यावा. नाणे विकले गेले, हरवले किंवा भेट दिले, तरी तो क्रमांक दुसऱ्या नाण्यास देऊ नये. त्या क्रमांकापुढे पुढील बाबी स्वतंत्र रकान्यांत नोंदवाव्यात.

(१) राज्यकर्ता किंवा शासनसंस्था, मूल्य, धातू, सन व टांकसाळ. जी बाब नाण्यावरून वाचली आणि जी अनुमानाने ठरविली, त्यांत स्पष्ट भेद करावा.

(२) वजन ग्रॅममध्ये, दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये. हाताने घडविलेले नाणे क्वचितच पूर्ण गोल असते. म्हणून सर्वांत मोठा व सर्वांत लहान, असे दोन्ही व्यास द्यावेत.

(३) साच्यांची परस्पर दिशा. नाण्याची पुढील बाजू सरळ धरून ते उभ्या अक्षाभोवती फिरविले असता मागील बाजूचा माथा घड्याळातील कोणत्या अंकाकडे येतो, ते लिहावे. आधुनिक भारतीय नाण्यांत हा अंक १२ असतो. हाताने ठोकलेल्या नाण्यांत तो कोणताही असू शकतो.

(४) दोन्ही बाजूंचा मजकूर, जेवढा दिसतो तेवढाच. न उमटलेली अक्षरे पुरवून लिहावयाची असल्यास ती चौकटी कंसात द्यावीत.

(५) प्राप्तिस्थान आणि प्राप्तीचा मार्ग. ‘आजोळच्या घरातून’, ‘आठवडी बाजारातील मोडवाल्याकडून’, ‘व्यापाऱ्याकडून, मूळ ठिकाण अज्ञात’ अशा नोंदी वरकरणी किरकोळ वाटतात. परंतु हा रकाना नंतर कोणालाही भरता येत नाही. वजन शंभर वर्षांनीही करता येईल. आजीने सांगितलेले गावाचे नाव तिच्यानंतर कोण सांगणार?

उदाहरणार्थ, १९५७ सालच्या एका नया पैशाची नोंद अशी होईल : भारत सरकार, कांस्य, प्रमाण वजन १.५ ग्रॅम, व्यास १६ मिलिमीटर, पुढील बाजूस अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष व देशाचे नाव देवनागरी आणि रोमन लिपीत, मागील बाजूस मूल्य, सन व ‘रुपये का सौवाँ भाग’ हा मजकूर. त्याखाली प्रत्यक्ष वजन, टांकसाळीची खूण, स्थिती आणि प्राप्तीचा मार्ग. प्रमाण वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतील फरक हा नाण्याच्या वापराचा आणि झिजेचा लेखाजोखा असतो.

५. जतन व छायाचित्रण

तांब्याचे नाणे चिंच, राख किंवा लिंबू लावून लखलखीत करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. देवघरातील ताम्हनास ती ठीक आहे. नाण्यास मात्र घातक आहे. घासण्याने पृष्ठभागावरील संरक्षक थर जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि वजन घटते. ज्या सूक्ष्म भेदांवर शिवराईचे वर्गीकरण अवलंबून आहे, तेच पुसले जातात. नाणे कडेला धरून हाताळावे आणि कोरड्या जागी ठेवावे. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत, कारण त्यांतून कालांतराने सुटणाऱ्या द्रव्यांमुळे तांब्यावर हिरवट, चिकट डाग पडतात.

छायाचित्रासाठी महागड्या साधनांची गरज नाही. कॅमेरा नाण्यावर काटकोनात स्थिर असावा, प्रकाश एका बाजूने तिरपा पडावा आणि सर्व नाण्यांसाठी त्याची दिशा एकच असावी. प्रकाशाची दिशा बदलली की उठावाची अक्षरे खोलगट भासतात व तुलनेत घोटाळा होतो. चौकटीत मिलिमीटरची पट्टी असावी. दोन्ही बाजूंची छायाचित्रे आवश्यक आहेत. शक्य असल्यास कडेचेही छायाचित्र घ्यावे, कारण ओतीव बनावट नाण्याची जोडरेषा बहुधा कडेवरच सापडते. फाइलच्या नावात नाण्याचा क्रमांक असावा आणि रंग सुधारलेल्या प्रतीसोबत मूळ प्रतही जपून ठेवावी.

६. आंतरजालावरील मांडणी

येथे मुख्य प्रश्न टिकाऊपणाचा आहे. जिओसिटीज ही लोकप्रिय सेवा २००९ साली अमेरिकेत बंद झाली, तेव्हा हौशी संग्राहकांनी व अभ्यासकांनी तयार केलेली असंख्य वैयक्तिक पाने तिच्यासोबत गेली. पिकासा ही छायाचित्रांची सेवा २०१६ साली बंद करण्यात आली. तात्पर्य, संग्रहाची मूळ नोंद कोणत्याही एका संकेतस्थळावर अवलंबून नसावी. ती साध्या तक्त्याच्या स्वरूपात स्वतःजवळ, किमान दोन ठिकाणी असावी आणि संकेतस्थळ हे तिचे केवळ दर्शनी रूप असावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोंदी शोधयंत्रांना सापडत नाहीत आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताही येत नाहीत.

दीर्घकालीन ठेवीसाठी आज चांगले पर्याय आहेत. २००४ पासून चालू असलेल्या विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली छायाचित्रे ठेवता येतात. सर्न या संशोधनसंस्थेच्या झेनोडो या भांडारात संपूर्ण तक्ता ठेवल्यास त्यास कायमचा ओळखक्रमांक मिळतो व शोधनिबंधात त्याचा हवाला देता येतो. धातू, टांकसाळ, मूल्य यांसारख्या संकल्पनांना जगभर एकच ओळख असावी, यासाठी २०१० साली नोमिस्मा हा प्रकल्प सुरू झाला. त्यातील संज्ञा शक्य तेथे वापरल्यास आपला तक्ता इतर संग्रहांशी जोडता येतो. वापराचा परवानाही स्पष्ट लिहावा. परवाना नसलेले छायाचित्र दिसते सर्वांना, पण प्रकाशनात वापरण्यास अभ्यासक कचरतात.

७. कायदा व दक्षता

जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार पुरावस्तू ठरते. खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही आणि त्याच्या व्यापारासाठी अनुज्ञप्ती लागते. आंतरजालावर मांडलेल्या संग्रहास परदेशातून मागणी येऊ शकते. अशा वेळी ही तरतूद विसरता कामा नये.

नोंदीत किंमत देऊ नये. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतील, अशी आमिषे दाखवून आपल्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जनतेस सावध केले होते. संग्रह कोठे ठेवला आहे, हे उघड करू नये. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, ते काढून टाकावेत. साठा सापडलेल्या शेताचा नेमका ठावठिकाणाही प्रसिद्ध करू नये, अन्यथा नोंदच बेकायदा खोदाईला वाट दाखवील. गाव व तालुका एवढा उल्लेख पुरेसा आहे.

८. समारोप

हे काम कोणत्याही एका विषयाचे नाही. मजकुराचे वाचन इतिहास व भाषा विभागांनी करावे, विशिष्ट गुरुत्व मोजून सोन्याचा मुलामा दिलेले तांबे ओळखण्याचे काम भौतिकशास्त्र विभागास जमेल, प्राप्तिस्थानांचा नकाशा भूगोल विभाग करील आणि तक्त्याची रचना संगणकशास्त्र विभाग पाहील. वर्षाकाठी पन्नास नाण्यांची अशी निर्दोष नोंद झाली, तरी पाच वर्षांत अडीचशे नाण्यांचा विश्वसनीय तक्ता तयार होईल. त्यातील प्राप्तिस्थानाचा रकाना सर्वांत आधी हाती घ्यावा. विद्यार्थ्यांच्या घरांतील डब्यांत, देव्हाऱ्यांत आणि गाठोड्यांत शिवराया अद्याप आहेत. त्या कोठून आल्या हे सांगणारी पिढी मात्र दरवर्षी कमी होत आहे.